फेडरल कोर्ट क्रेडिट मोजत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. पुण्यात एलएल.बी. केलं, शिवाजीनगर कोर्टात थोडा काळ ज्युनिअर म्हणून काढला. लग्नानंतर इकडे आले, एलएल.एम. केलं आणि न्यूयॉर्कची बार परीक्षा पास झाले. राहते जर्सी सिटीत, नोकरी मॅनहॅटनमधल्या एका छोट्या इमिग्रेशन फर्ममध्ये. सनद मिळून सव्वा वर्ष झालं. आजवर अर्ज भरणं, आरएफईला (जादा पुराव्याच्या मागणीला) उत्तरं देणं, मुलाखतीला अशिलाबरोबर जाणं, एवढंच काम केलंय. ग्रीन कार्डाचे अर्ज अडकलेले अशील हल्ली सारखं विचारतात, "कोर्टात जाता येईल का?" म्हणून आमच्या सरांनी मँडॅमसचे, म्हणजे अडकलेल्या अर्जावर खात्याला निर्णय घ्यायला लावणारे, दावे घ्यायचं ठरवलंय आणि ते फेडरल (केंद्राच्या) कोर्टात मी दाखल करायचे आहेत. सर म्हणतात, "टेम्प्लेट तयार आहे. नावं बदल, सही कर. तुझं सीएलई झालंय ना? मग झालं तर." सीएलईचे, म्हणजे सनदेनंतरच्या शिक्षणाचे, पहिल्या वर्षाचे १६ क्रेडिट झालेत. खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे रात्री स्वयंपाक करता करता व्हिडिओ लावून. पुढचे १६ बाकी आहेत. फेडरल कोर्टासाठी वेगळं सीएलई लागतं का? कुठला कोर्स घेऊ? आणि "मला हे अजून येत नाही" असं सरांना सांगितलं तर नोकरीवर गदा येईल का? पुण्यात एकदा सनद हातात पडली की पुन्हा कुणी वर्गात बसवत नव्हतं, त्यामुळे इथलं गणितच कळत नाही.
— एक वाचक, जर्सी सिटी

उत्तर : तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, वेगळं सीएलई लागत नाही. फेडरल कोर्टात वकिली करायला देशभर लागू असलेली तासांची कुठलीही अट नाही. माझी काळजी तिथूनच सुरू होते. तुझ्या सरांच्या मनात क्रेडिट पूर्ण होणं आणि कोर्टात उभं राहण्याची तयारी होणं ही एकच गोष्ट आहे, आणि पत्रावरून वाटतं की तुला आतून ते पटलेलं नाही. तुझं आतलं म्हणणं बरोबर आहे.

सीएलई हा सनद देणाऱ्या राज्याचा कारभार. १९७५ मध्ये मिनेसोटा आणि आयोवा या दोन राज्यांनी ते सक्तीचं केलं, मग एकेक राज्य त्यात आलं. टेक्ससमध्ये वर्षाला १५ तास, कॅलिफोर्नियात तीन वर्षांत २५, न्यू जर्सीत दोन वर्षांत २४. मिशिगन आणि मेरीलँडमध्ये तासांची सक्तीच नाही. म्हणजे डेट्रॉइटच्या फेडरल कोर्टात रोज उभा राहणारा वकील एकही तास न भरता कायदेशीररीत्या काम करू शकतो. न्यूयॉर्कने तुझ्यासारख्या नव्या वकिलाला पहिल्या दोन वर्षांत ३२ क्रेडिट लावलेत, दरवर्षी १६. त्यात ३ नीतिनियमांचे, ६ कौशल्यांचे आणि ७ वकिलीच्या व्यवस्थापनाचे किंवा कामाच्या क्षेत्राचे. या ३२ मध्येच किमान एक क्रेडिट सायबर सुरक्षेचा. इथे एक गोष्ट आजच तपासून बघ. कौशल्यांचे आणि नीतिनियमांचे क्रेडिट नव्या वकिलाला रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून मिळत नाहीत, ते प्रत्यक्ष किंवा प्रश्न विचारता येतील अशा थेट सत्रातूनच घ्यावे लागतात. स्वयंपाकाच्या वेळी लावलेले व्हिडिओ त्या ७ मध्ये बसतात. बाकीच्या ९ मध्ये त्यांतलं काही घुसलं असेल, तर आत्ताच दुरुस्त कर.

फेडरल बाजूला ९४ जिल्हा न्यायालयं आहेत आणि प्रत्येकाचे प्रवेशाचे नियम वेगळे. शिकागोच्या कोर्टात साधा बार आणि ट्रायल बार असे दोन स्तर आहेत. दुसऱ्यात जायला खटल्यांचा अनुभव दाखवावा लागतो. पोर्तो रिकोचं फेडरल कोर्ट स्वतःची परीक्षा घेतं. पण बहुतेक ठिकाणी राज्याची सनद, चांगल्या वर्तणुकीचा दाखला, शुल्क आणि शपथ एवढ्यावर दार उघडतं. हे असंच असावं का, यावर वाद झालेले आहेत. सत्तरच्या दशकात सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी खटले चालवणाऱ्या वकिलांच्या तयारीबद्दल जाहीरपणे चिंता व्यक्त केली. त्यातून न्यायाधीश एडवर्ड डेव्हिट यांची समिती नेमली गेली. फेडरल कार्यपद्धतीवर परीक्षा घ्यावी आणि खटल्यांच्या अनुभवाची अट घालावी, असं तिने १९७९ मध्ये सुचवलं. काही जिल्ह्यांत प्रयोग झाले, देशभर मात्र ते लागू झालं नाही. मला वाटतं, व्हायला हवं होतं.

आता तुझ्या कोर्टाकडे येऊ. मॅनहॅटनचं सदर्न डिस्ट्रिक्ट आणि ब्रुकलिनचं ईस्टर्न डिस्ट्रिक्ट, या दोन्हींत न्यूयॉर्कच्या सनदेवर तुला प्रवेश मिळू शकतो. तुला ओळखणाऱ्या, त्या कोर्टात आधीपासून असलेल्या वकिलाचं प्रतिज्ञापत्र लागतं. आणि अर्जात तुला स्वतःला शपथेवर लिहून द्यावं लागतं की अधिकारक्षेत्र आणि स्थळ यांबद्दलच्या तरतुदी, दिवाणी आणि फौजदारी कार्यपद्धतीचे फेडरल नियम, पुराव्याचे नियम आणि त्या कोर्टाचे स्थानिक नियम मी वाचले आहेत आणि मला ते माहीत आहेत. कोर्ट तुझे तास विचारत नाही, प्रमाणपत्र मागत नाही. ते तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतं. मग तो शब्द खरा असायला हवा. सही करण्याआधी हे सगळं खरोखर वाच. दिवाणी नियम एका शनिवार-रविवारात वाचून होतात. सगळे लक्षात राहणार नाहीत, पण कुठल्या प्रश्नाचं उत्तर कुठे आहे, हे डोक्यात बसतं. माझ्या दृष्टीने तुझं पहिलं सीएलई हेच, क्रेडिट शून्य मिळालं तरी.

टेम्प्लेटबद्दल मला सविस्तर बोलायचंय, कारण धोका तिथे आहे.

मँडॅमसचे दावे वरवर सोपे वाटतात. दावा दाखल झाला की सरकारी वकिलांचं कार्यालय यूएससीआयएसशी (इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या खात्याशी) बोलतं, अडकलेली फाइल हलते, निर्णय येतो आणि दावा मागे घेतला जातो. असं बऱ्याचदा होतं. त्यामुळे काही फर्म्स या दाव्याकडे ४०५ डॉलर भरून पाठवलेलं स्मरणपत्र म्हणूनच बघतात. पण सरकारने उत्तर द्यायचं ठरवलं, दावा फेटाळण्याचा अर्ज केला, की टेम्प्लेट संपतं आणि न्यायाधीशांसमोर तू एकटी उरतेस.

समन्स बजावण्यापासूनच सुरुवात कर. प्रतिवादी सरकार असेल, तर फेडरल दिवाणी नियमांतला नियम ४(आय) लागतो. त्या जिल्ह्याच्या यूएस अॅटर्नीच्या कार्यालयाला एक प्रत, वॉशिंग्टनला अॅटर्नी जनरलना रजिस्टर्ड किंवा सर्टिफाइड पोस्टाने दुसरी, आणि शिवाय त्या खात्याला वेगळी. यातली एक राहिली की बजावणी अपुरी. सरकारची उत्तराची ६० दिवसांची मुदत यूएस अॅटर्नीला प्रत मिळाल्यापासून धावते. बजावणी पूर्ण करायला तुझ्या हातात ९० दिवस. २०१५ च्या दुरुस्तीआधी ते १२० होते, आणि जुन्या टेम्प्लेटांमध्ये १२० चा आकडा अजून सापडतो. तुझ्या सरांचं टेम्प्लेट कोणत्या साली लिहिलं गेलं, हे मी सगळ्यात आधी विचारेन.

मग स्थळ. वादी जिथे राहतो त्या जिल्ह्यात सरकारवर दावा करता येतो, हे खरं. पण स्थळाच्या तरतुदीत रहिवासाबद्दल बोलताना कायदेशीर कायम रहिवाशाचा वेगळा उल्लेख आहे. तुझा अशील एच-१बीवर असेल, तर तो त्या अर्थाने रहिवासी धरला जाईल का, यावर सरकार हरकत घेऊ शकतं. मग प्रतिवादीचं ठिकाण किंवा घटना घडल्याचं ठिकाण यांवर दावा उभा करावा लागतो. आणि अशील न्यू जर्सीतल्या एडिसनचा निघाला, तर प्रश्न आणखी वाढतो. न्यू जर्सीचं फेडरल कोर्ट न्यू जर्सीची सनद मागतं. तुझ्या न्यूयॉर्कच्या सनदेवर नेवार्कला थेट उभं राहता येणार नाही. तिथला सह-वकील घेऊन त्या एका खटल्यापुरती परवानगी काढावी लागेल.

सगळ्यात महत्त्वाचं, उशीर कशामुळे झालाय हे ओळखायला शीक. आपल्याकडच्या बहुतेक अशिलांचं दुखणं हेच, की रोजगारावर आधारित ग्रीन कार्डात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे आणि भारतात जन्मलेल्यांची रांग प्रचंड आहे. रांगेतली तारीख मागे गेली, व्हिसा नंबर उपलब्ध नाही, म्हणून यूएससीआयएसने अर्ज थांबवून ठेवला असेल, तर तो फाइल कपाटात विसरल्याचा उशीर नव्हे. या धोरणाला आव्हान देणारे दावे झाले, त्यांत बरेचसे वादी आपलेच लोक होते. आठव्या आणि पाचव्या सर्किटने (सर्किट म्हणजे फेडरल अपील न्यायालय) २०२४ मध्ये आणि तिसऱ्या सर्किटने २०२५ मध्ये सांगितलं, की आम्हाला हे तपासण्याचा अधिकारच नाही. न्यू जर्सी तिसऱ्या सर्किटमध्ये येतं. म्हणजे एडिसनच्या अशा अशिलाकडून फी घेऊन नेवार्कला तोच दावा टाकणं म्हणजे त्या कुटुंबाचे पैसे आणि आशा दोन्ही घालवणं. याउलट, तारीख चालू आहे, बायोमेट्रिक्स झालेत, मुलाखत झालीय आणि तरी दोन वर्षं शुकशुकाट आहे, असा अशील असेल तर दाव्यात दम आहे. तिथे तुला १९८४ च्या डी.सी. सर्किटच्या निवाड्यातले, विलंब वाजवी की गैरवाजवी हे ठरवायचे सहा निकष माहीत हवेत आणि ते तुझ्या अशिलाच्या कागदपत्रांशी जोडता यायला हवेत. हा फरक करणं हेच तुझं खरं काम आहे. नावं बदलून तो होत नाही.

कायदा एका जागी थांबत नाही, हेही मनात ठेव. कार्यपद्धतीच्या फेडरल नियमांतल्या दुरुस्त्या साधारणपणे १ डिसेंबरला लागू होतात. त्या आठवड्यात नवे बदल वाचायचे, ही सवय लावून घे. २८ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने लोपर ब्राइट खटल्यात शेव्हरॉनचा चाळीस वर्षांचा नियम मोडीत काढला. कायद्याचा अर्थ संदिग्ध असला की खात्याचं म्हणणं मानायचं, हे शेव्हरॉनमुळे पक्कं झालं होतं आणि इमिग्रेशनचे कितीतरी युक्तिवाद त्याभोवतीच रचलेले होते. लगेच त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच न्यायालयाने बुआर्फा खटल्यात ठरवलं, की आधी मंजूर झालेली व्हिसा याचिका रद्द करण्याचा खात्याचा निर्णय कोर्टात तपासता येत नाही. सहा महिन्यांच्या आत एक दार उघडलं आणि दुसरं लागलं. त्याआधीचा उत्तम व्हिडिओही तुला यातलं काही सांगणार नाही.

आणि सहीबद्दल. २०२३ मध्ये तुझ्याच सदर्न डिस्ट्रिक्टमध्ये माता विरुद्ध अव्हियान्का हा खटला गाजला. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वात नसलेले निवाडे कोर्टात दाखल झाले आणि न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी ५,००० डॉलरचा दंड लावला. बातम्यांत सगळं लक्ष चॅटजीपीटीवर गेलं. मी तो निकाल नव्या वकिलांना वेगळ्या कारणासाठी वाचायला देते. खटला राज्याच्या कोर्टात सुरू झाला आणि तिथून फेडरल कोर्टात आला. ज्या वकिलाने मजकूर तयार केला, त्याला त्या फेडरल कोर्टात प्रवेशच नव्हता, म्हणून सहकाऱ्याने सही केली. ते ज्या सेवेवर संशोधन करत, तिच्यावर त्यांना फेडरल निवाडे पुरेसे बघता येत नव्हते. सही करणाऱ्याने निवाडे उघडून पाहिले नाहीत. त्या वकिलांना राज्याच्या कोर्टातला दांडगा अनुभव होता. फेडरल कोर्टाची तयारी नव्हती आणि सही दुसऱ्याच्या विश्वासावर झाली. फेडरल दिवाणी नियमांतला नियम ११ सही करणाऱ्यालाच धरतो. मजकूर सरांचा होता, हे उत्तर तिथे चालत नाही.

आता उरलेल्या १६ क्रेडिटचं काय करायचं. कौशल्यांचे ६ पूर्णपणे फेडरल दिवाणी कार्यपद्धतीवर घाल : दावा कसा लिहायचा, फेटाळण्याच्या अर्जाला उत्तर कसं द्यायचं, मुदती कशा मोजायच्या. प्रॅक्टिसिंग लॉ इन्स्टिट्यूट ही १९३३ पासूनची ना-नफा संस्था, न्यूयॉर्क सिटी बार आणि फेडरल बार असोसिएशन यांचे असे वर्ग असतात. महाग वाटले, तर शुल्कसवलतीबद्दल विचारायला लाजू नकोस. कामाच्या क्षेत्राचे क्रेडिट इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेच्या, म्हणजे आयलाच्या, फेडरल खटल्यांवरच्या सत्रांतून घे. अमेरिकन इमिग्रेशन कौन्सिलने मँडॅमसवर आणि विलंबाच्या दाव्यांवर लिहिलेल्या मार्गदर्शक टिपा फुकट मिळतात. त्यांना क्रेडिट नाही, तरी कुठल्याही व्हिडिओपेक्षा मी त्या आधी वाचायला सांगेन. आणि यापुढे ऐकताना समोर वही ठेव. थकून आल्यावर घरचं सगळं उरकायचं आणि वर शिकायचंही, हे किती जड जातं हे मला ठाऊक आहे. म्हणूनच म्हणते, तासभर देणारच आहेस तर तो तुझ्या उपयोगी पडू दे.

क्रेडिटबाहेरच्या दोन गोष्टी तर याहून मोलाच्या. पेसरवर, म्हणजे फेडरल कोर्टांतले कागद ऑनलाइन बघायच्या सेवेवर, खातं काढ. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर काहीच भरावं लागत नाही. सदर्न आणि ईस्टर्न डिस्ट्रिक्टमधले यूएससीआयएसविरुद्धचे ताजे दावे शोध आणि त्यांतला एक पहिल्या कागदापासून शेवटच्या आदेशापर्यंत वाच. सरकार काय म्हणतं, वादीचा वकील कुठे अडखळतो, न्यायाधीश कशावर बोट ठेवतात, सगळं उघड दिसतं. प्रत्येक न्यायाधीशाचे स्वतःचे नियम कोर्टाच्या संकेतस्थळावर असतात. काही जण अर्ज करण्याआधी पत्र मागतात, काही जण पानांची मर्यादा घालतात. खटला कुणाकडे गेला हे कळलं की ते त्याच दिवशी वाचायचे.

दुसरी गोष्ट तुला शिवाजीनगरहून येतेच. तिथे ज्युनिअर सीनिअरच्या मागे बसून दिवसभर कोर्ट ऐकतो. महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलने सनद दिली की पुढे तासांची सक्ती नाही, हे तू लिहिलंस ते खरं आहे. २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षा आली, पण तिच्यानंतर काही नाही. तरी त्या बाकावर बसून जे शिकलं जातं ते इथल्या कितीतरी नव्या वकिलांना मिळालेलं नसतं. ती सवय इथेही चालू ठेव. इमिग्रेशन कोर्टासाठी २६ फेडरल प्लाझाला तुझ्या फेऱ्या पुढे होणारच. ते कोर्ट न्याय खात्याचं; खरं फेडरल कोर्ट तिथून चालत काही मिनिटांवर, ५०० पर्ल स्ट्रीटला आहे. सुनावण्या खुल्या असतात, ओळखपत्र दाखवून आत जाता येतं. शेजारच्या थर्गुड मार्शल इमारतीत सेकंड सर्किटपुढे इमिग्रेशनच्याच याचिकांचे युक्तिवाद ऐकायला मिळतील. महिन्यातून एक सकाळ तिथे बस.

राहिले तुझे सर. "मला येत नाही" एवढंच सांगू नकोस, कारण ते अर्धंच खरं आहे. सांग की, "सर, पहिले काही दावे मी फेडरल कोर्टाचा अनुभव असलेल्या सह-वकिलाबरोबर करते, मग पुढचे स्वतः." न्यूयॉर्कचा नीतिनियम १.१ नेमकं हेच सांगतो : जे काम पेलण्याइतकी तयारी नाही ते, तयारी असलेला वकील बरोबर न घेता, करायचं नाही. नियम सरांनाही लागू आहे, आणि हे सुचवून तू त्यांची फर्मही वाचवते आहेस. शांतपणे, लेखी ईमेल करून मांड. सोबत टेम्प्लेटमध्ये तुला काय जुनं किंवा चुकीचं सापडलं, त्याची टिपणं जोड. जी मुलगी नियम ४(आय) आणि तिसऱ्या सर्किटचा निकाल घेऊन समोर बसते, तिला कुणी कमकुवत समजत नाही. मला वाटतं, ते ऐकतील. चांगले सर ऐकतात.

नाहीच ऐकलं, आणि एकटीनेच सही करायचा आग्रह धरला, तर सही करू नकोस. नोकरीची भीती मी हलकी मानत नाही. परदेशात, व्हिसावर असताना ती रात्रीची झोप उडवते. पण तुझी सनद आणि त्या अशिलाचं इथलं आयुष्य, दोन्ही त्या सहीवर टांगलेली असतील. सह-वकील शोधायला साउथ एशियन बार असोसिएशन ऑफ न्यूयॉर्क आणि आयलाची न्यूयॉर्क शाखा, या दोन ठिकाणी याच आठवड्यात विचार. तिथे असे वकील भेटतात की जे पहिला दावा तुझ्याबरोबर वाचून देतील, आणि पुढे, पुरेशी ओळख झाल्यावर, कोर्टातल्या प्रवेशासाठी लागणारं प्रतिज्ञापत्रही त्यांच्यापैकी कुणी तरी देऊ शकेल.